चाळ गेली, सोसायटी आली

आपल्या सोसायटीला यंदा 25 वर्षे पूर्ण होत आहेत. इथेच जन्मलेल्या मुलांना ही इमारत कायमचीच वाटते. ती कशी उभी राहिली, हे त्यांना सांगायला हवं.

लालबाग-परळच्या चाळी गिरण्यांच्या आधाराने वसल्या. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार एका खोलीत दहा-बारा जणांसोबत राहायचा, जेवायला खानावळ. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू निर्धास्त झाला, पण मालकाने डागडुजीतून हात काढून घेतला. 1969 च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्ती मंडळ नेमलं. चाळींना टेकू लागले, आयुष्य मात्र फारसं वाढलं नाही. त्यातच 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. कित्येकांनी कायमचं गाव गाठलं.

पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 33(7) ने वाट दाखवली. जुनी उपकरप्राप्त इमारत पाडायची, भाडेकरूंना किमान 225 चौ. फुटांचं घर मोफत मालकीने द्यायचं आणि बिल्डरने जादा चटईक्षेत्र विकून खर्च भागवायचा. आपली घरं याच हिशेबातली. ही मर्यादा पुढे 300 चौ. फूट झाली.

भाडेकरूचा मालक झाला, संडास घरात आला. रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आयाबायांना विचारा, याची किंमत काय ते!

पण भाडं गेलं आणि मेंटेनन्स आला. लिफ्ट, पंप, कर, रंगकाम. कॉर्पस फंडाचं व्याज आता पुरत नाही. पेन्शन नसलेली काही जुनी बिऱ्हाडं घर विकून विरार-बदलापूरला गेली. त्यांना कुणी हाकललं नाही, राहणंच परवडेना. बाहेरही गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, खानावळी उठल्या. रस्ता तेवढाच राहिला, गाड्या मात्र वाढल्या.

आजूबाजूच्या चाळींत आता पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. ती मंडळी आपल्याकडे चौकशीला येतात. त्यांना चौरस फूट सांगाच, पण दहा वर्षांनंतरचा मेंटेनन्स कोण भरणार, हेही सहीआधी विचारायला सांगा. आणि आपणही येत्या सर्वसाधारण सभेत सिंकिंग फंड आणि गच्चीवरची सौर वीज हे विषय मनावर घेऊ या. घर मिळवायला एका पिढीने खस्ता खाल्ल्या. ते टिकवणं आता आपल्या हातात आहे.