पाण्यातला चेंडू आणि प्रतिस्पर्ध्याचा फटका

गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित नियम केवळ तेरा आहेत. मार्च १७४४ मध्ये एडिंबरोच्या नगरपालिकेने गोल्फपटूंच्या वार्षिक स्पर्धेसाठी चांदीची एक काठी देऊ केली आणि २ एप्रिलला लीथच्या मैदानावर पहिली स्पर्धा झाली. हे नियम तिच्यासाठीच लिहिले गेले. त्याआधी कित्येक पिढ्या हा खेळ तिथे तोंडी संकेतांवर चालला होता. मग लिहून काढण्याची गरज का पडली? कारण स्पर्धा ब्रिटन-आयर्लंडमधल्या कोणाही सभ्य गृहस्थाला खुली होती. म्हणजे परका माणूस खेळायला येऊ शकत होता. नेहमीच्या सोबत्यांना नियमांची वही लागत नाही.

या तेरांतला पाचवा नियम पाण्याविषयीचा आहे. चेंडू पाण्यात किंवा पाणथळ घाणीत गेला, तर खेळाडूला तो बाहेर काढण्याची मुभा आहे. तो त्या अडचणीच्या मागे आणावा, टीवर (त्या काळी वाळूच्या लहानशा ढिगावर) ठेवावा, हव्या त्या काठीने मारावा; आणि या सवलतीबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यावा. एवढेच. आम्हांला या वाक्यातले 'द्यावा' हे क्रियापद फार महत्त्वाचे वाटते. खेळाडूला दंड होतो, असे नियम म्हणत नाही. समोरच्याचे काही देणे लागते, असे म्हणतो. सगळा व्यवहार दोघांतला आहे आणि ज्याला फटका द्यायचा तो चार पावलांवर उभा आहे. चेंडू कुठे पडला हे त्यानेही पाहिलेले असते.

पाण्यालाच ही सवलत का, याचे एक कारण चेंडूतच होते. तो चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरून शिवलेला असे. भिजला की जड होई, शिवण उसवे. शिवाय तो महागही असे. पाणी न पिणारा गटापर्चाचा चेंडू आला तो १८४८ च्या सुमारास. पण कारण एवढेच नसावे. तेरावा नियम सांगतो की, मैदानाच्या रक्षणासाठी खणलेला चर किंवा घातलेला बांध 'हॅझर्ड' मानू नये. तिथला चेंडू काढून, टीवर ठेवून लोखंडी काठीने मारावा. तिथे प्रतिस्पर्ध्याला काहीही द्यावे लागत नाही. माणसाने केलेली अडचण वेगळी आणि खेळाच्या नशिबातली वेगळी, हा भेद १७४४ मध्येच झालेला दिसतो. 'हॅझर्ड' हे मुळात एका फाशांच्या खेळाचे नाव होते. म्हणजे पाण्यात चेंडू घालवणारा फासा हरलेला असतो, आणि नियम त्याला ठराविक किंमत घेऊन डावात परत घेतो.

पहिली स्पर्धा जिंकणारे जॉन रॅट्रे शल्यवैद्य होते. विजेता म्हणून ते कप्तान झाले आणि या नियमांखाली त्यांची सही आहे. पुढच्याच वर्षी ते राजकुमार चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या बंडात वैद्य म्हणून ओढले गेले आणि १७४६ च्या कलोडनच्या पराभवानंतर पकडले गेले. त्यांच्यासाठी रदबदली केली ती न्यायाधीश डंकन फोर्ब्स यांनी. राजकारणात ते पूर्णपणे विरुद्ध पक्षाचे. मात्र लीथच्या मैदानावरचे सोबती. प्रतिस्पर्धी या शब्दाला तिथे जे वजन होते ते या एका हकिकतीतून कळते.

सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी १७५४ मध्ये हे नियम जवळजवळ जसेच्या तसे उचलले. पाचव्यात मात्र हात घातला. टीवर ठेवण्याऐवजी चेंडू अडचणीच्या मागे निदान सहा यार्डांवर टाकावा, असे त्यांनी ठरवले. बदल किरकोळ दिसतो, पण ठेवलेला चेंडू आपल्या मर्जीने बसतो, टाकलेला त्याच्या मर्जीने. फटका द्यायचाच, वर पुन्हा थोडे नशीबही अंगावर घ्यायचे. पुढे चेंडू खांद्यावरून मागे टाकण्याची रीत रूढ झाली, १९८४ पासून हात खांद्याच्या उंचीवर ताणून सोडण्याची, आणि २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून. उंची उतरत गेली तसा नशिबाचा वाटाही उतरत गेला.

खरा पालट मात्र वेगळाच आहे. एकूण फटके मोजून विजेता ठरवण्याच्या पद्धतीचा सर्वांत जुना उल्लेख १७५९ चा, सेंट अँड्र्यूजचाच आहे. या पद्धतीत तुमचा प्रतिस्पर्धी एक नसतो, सगळे असतात. आणि बहुतेक जण तुमच्या नजरेआड असतात. आता फटका द्यायचा कोणाला? तो आपल्याच खात्यात मांडायचा. देणे संपले, दंड सुरू झाला. नियमांचा विस्तार का झाला याची इतर कारणेही सांगता येतील, पण आमच्या मते मुख्य कारण हेच. न पाहणाऱ्याला पटावे म्हणून प्रत्येक गोष्टीची व्याख्या करावी लागली. पाण्याची हद्द कुठली? चेंडूने ती शेवटी कुठे ओलांडली? तो पाण्यातच गेला हे कशावरून? (आजचा नियम सांगतो की ते माहीत असावे किंवा जवळजवळ निश्चित असावे.) ओढा आडवा असेल तर 'मागे' म्हणजे काय ते कळते, खेळाच्या दिशेला समांतर वाहत असेल तर त्याच्या मागे जायचे कसे? म्हणून पिवळ्या खुंट्यांबरोबर लाल खुंट्या आल्या, आणि लाल हद्दीबाहेर, भोकाच्या जवळ न जाता, दोन काठ्यांच्या लांबीत चेंडू टाकण्याची सोय झाली.

मुभा मात्र मुभाच राहिली. पाण्यातून मारायला बंदी नाही. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नुस्टीच्या शेवटच्या भोकावर तीन फटक्यांची आघाडी असलेला फ्रेंच खेळाडू झाँ व्हान द व्हेल्द पायमोजे काढून बॅरी ओढ्यात उतरला, बराच वेळ चेंडूकडे पाहत राहिला आणि शेवटी दंड घेऊन बाहेर आला. सात फटक्यांत भोक संपले, आघाडी गेली आणि निर्णायक फेरीत पॉल लॉरी जिंकला.

त्यानंतर न दिसणारा प्रतिस्पर्धी दूरचित्रवाणीसमोर येऊन बसला. २०१३ मध्ये ऑगस्टाच्या पंधराव्या भोकावर टायगर वुड्सचा अचूक फटका झेंड्याच्या काठीला लागला आणि चेंडू परत फिरून तळ्यात गेला. त्याने मूळ जागेवरून पुन्हा मारायचे ठरवले. नियमानुसार चेंडू त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ टाकायला हवा होता. त्याने तो सुमारे दोन यार्ड मागे टाकला, आणि मुलाखतीत तसे सहजपणे सांगितलेही. एका प्रेक्षकाने दूरध्वनी केला होता, पण समितीला तेव्हा काही वावगे दिसले नव्हते. मुलाखतीनंतर सहाचे आठ झाले. समितीची स्वतःचीच चूक असल्याने बाद होण्यातून तो वाचला. लीथवर हे दोन यार्ड सोबत्याने तिथल्या तिथे दाखवून दिले असते, किंवा हसून सोडून दिले असते.

१ जानेवारी २०१८ पासून प्रेक्षकांच्या अशा तक्रारी विचारात घेणे नियामक संस्थांनी बंद केले. २०१९ च्या संहितेत 'पाण्याचा हॅझर्ड' हा शब्दप्रयोगही उरला नाही. आता 'दंडक्षेत्र' आहे आणि त्यात वाळवंट, जंगल, लाव्हाचे खडकही येऊ शकतात.