जुजुत्सू आणि मावळातील कुस्ती

जुजुत्सू ही जपानमधील निःशस्त्र अथवा अल्पशस्त्र झुंजीची जुनी कला आहे. ‘जू’ म्हणजे मृदू, लवचिक, नमते घेणारे आणि ‘जुत्सू’ म्हणजे विद्या. प्रतिस्पर्ध्याच्या जोराला जोराने न अडवता तोच जोर वळवून त्याचा तोल घालवणे, त्याला पाडणे, सांध्याला पेच घालणे किंवा गळा आवळणे ही तिची प्रमुख अंगे होत. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, म्हणजे लोणावळा, वडगाव, तळेगाव व आंदर, नाणे आणि पवन मावळातील गावांत, अंगझुंजीची रूढ कला कुस्ती ही आहे. दोन्ही कला पकडीच्या आहेत. झुंज संपली असे केव्हा मानायचे, याविषयी मात्र त्यांची उत्तरे भिन्न आहेत आणि डावांमधील बहुतेक भेद त्या एका प्रश्नातून निघतात.

उगम

जुजुत्सूच्या घराण्यांपैकी ताकेनोउची घराण्याची स्थापना परंपरेनुसार १५३२ मध्ये झाली. तो काळ सततच्या लढायांचा होता. चिलखत घातलेल्या योद्ध्यावर मुठीचा प्रहार निष्फळ ठरे. म्हणून त्याला जवळ जाऊन पाडणे, खाली दाबून धरणे आणि चिलखताच्या फटीतून आखूड शस्त्र चालवणे, असा क्रम ठरला. १६०३ नंतरच्या दीर्घ शांततेत चिलखत मागे पडले आणि साध्या वस्त्रांतील झुंजीची असंख्य घराणी निघाली.

मावळाच्या इतिहासातही अंगाला अंग भिडवून केलेल्या झुंजीचे प्रसिद्ध वर्णन सापडते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत अफझलखानाने आलिंगनाच्या मिषाने शिवाजी महाराजांची मान बगलेत दाबून शस्त्र चालवले व महाराजांनी वाघनखांनी त्याला उत्तर दिले, असे बखरी सांगतात. अंगरख्याखालील चिलखत, मानेची पकड आणि हातभर अंतरावर चालणारे लहान शस्त्र हे तिन्ही घटक जपानी जुजुत्सूच्या मूळ परिस्थितीशी जुळतात. यावरून दोन कलांचा परस्परसंबंध मात्र सिद्ध होत नाही. सारखी अडचण आली की माणसे सारखे उपाय शोधतात, एवढेच त्यातून दिसते. मावळ्यांची ख्याती मुख्यतः ढाल-तलवार, दांडपट्टा यांसारख्या शस्त्रांसाठी व डोंगरी लढाईसाठी होती.

कुस्तीशी तुलना

कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवली की निकाल लागतो. त्यालाच चितपट म्हणतात. पाठ टेकू न देणे हा पैलवानाचा पहिला धडा असतो. संकटात सापडलेला मल्ल पालथा पडून छाती मातीला चिकटवतो आणि वरचा त्याला उलटण्यासाठी धडपडतो. जुजुत्सूत, विशेषतः तिच्या ब्राझिलियन शाखेत, याच्या उलट घडते. तेथे पाठीवर असलेला खेळाडू दोन्ही पायांनी वरच्याला जखडतो आणि तेथूनच हाताला पेच घालतो किंवा गळा आवळतो. पालथे पडणे तेथे सर्वांत घातक, कारण मागून मान मोकळी सापडते. वर्षानुवर्षे तालमीत घडलेल्या मल्लाने जुजुत्सू शिकायला घेतली, तर नवे डाव आत्मसात करण्यापेक्षा ही एक सवय मोडणे त्याला अधिक जड जाते.

दुसरा भेद वस्त्राचा आहे. पैलवान केवळ लंगोट नेसून हौद्यात उतरतो. घामाने निसटणारी पकड घट्ट व्हावी म्हणून तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर माती टाकतो. जुजुत्सूचा जाड अंगरखा हीच एक पकड असते. त्याच्या गळपट्टीने गळा आवळण्याचे अनेक प्रकार आहेत व ते कुस्तीत संभवतच नाहीत.

पाडण्याच्या डावांत मात्र विलक्षण साम्य आढळते. धोबीपछाड हा खांद्यावरून फेकण्याचा डाव जपानी ‘सेओई नागे’ला जवळचा आहे. आतली टांग ‘ओउची गारी’शी, तर कलाजंग ‘काता गुरुमा’शी जुळतो. ‘काता गुरुमा’ हा डाव ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकावरून बसवला, असे सांगितले जाते.

सांधे मोडण्याचा विचार भारतीय मल्लविद्येला अपरिचित नव्हता. तिच्या हनुमंती, जांबुवंती, भीमसेनी व जरासंधी या परंपरागत प्रकारांपैकी जरासंधी प्रकार अवयव पिरगाळण्याशी जोडला जातो. जत्रेतील कुस्तीत त्याला स्थान उरले नाही. गावोगावच्या आखाड्यात लहान मुलांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत शेकडो जोडी लागतात आणि दुसऱ्या दिवशी यांपैकी बहुतेकांना शेतावर जायचे असते. अशा खेळात हात निखळवणारा डाव टिकणे कठीणच.

इतर युद्धकला

कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था स्थापून जुजुत्सूतील धोकादायक डाव सरावातून वगळले व ज्यूदो घडवला. ज्यूदो १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आला. २०१० पासून त्यात पाय पकडण्यावर निर्बंध आले आणि २०१३ मध्ये ते अधिक कडक झाले. त्यामुळे ‘पट काढणे’ हे मराठी मल्लाचे हुकमी अस्त्र ज्यूदोत निरुपयोगी ठरते. ब्राझीलमधील शाखा कानो यांच्या परंपरेतील मित्सुयो माएदा यांच्याकडून ग्रेसी कुटुंबाने घेतली व जमिनीवरील झुंजीच्या अंगाने वाढवली. मोरिहेई उएशिबा यांचा आयकिदो दाइतो घराण्याच्या जुजुत्सूतून निघाला. त्यात मनगटाच्या पेचांवर भर असून बहुतेक शाखांत स्पर्धा नसते. कराटे ओकिनावा बेटांवरची, मुख्यतः प्रहाराची कला आहे. ती जुजुत्सूची शाखा नव्हे, जरी सामान्य बोलण्यात दोन्हींची गल्लत होते.

हाडवैद्यक आणि लोणावळा

सांध्यांचे ज्ञान मोडण्यास उपयोगी पडते तसे बसवण्यासही. जपानमध्ये जुजुत्सूचे अनेक शिक्षक हाडे बसवण्याचा व्यवसाय करीत. तरुण कानो गुरूच्या शोधात हाडवैद्यांकडेच चौकशी करीत फिरले आणि १८७७ मध्ये त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू लाभले, ते अशाच एका हाडवैद्याच्या सांगण्यावरून. बडोद्यातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव हेही कुस्ती, लाठी व इतर मर्दानी विद्यांचे आचार्य असून नामांकित हाडवैद्य होते.

याच माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे यांनी शिक्षण घेतले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. कैवल्यधामात युद्धकला शिकवली जात नसे. तेथे आसने व प्राणायाम यांचे शरीरावरील परिणाम उपकरणांनी तपासले गेले. वस्तादाने अनुभवाने जाणलेले देहाचे व्यवहार मोजमापाखाली आणण्याचा हा प्रयत्न होता. शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात कुवलयानंदांचे योगदान त्यामुळे केवळ योगापुरते मर्यादित राहिले नाही.

स्पर्धात्मक स्वरूप

जुजुत्सूचा समावेश जागतिक क्रीडा स्पर्धांत १९९७ मध्ये आणि आशियाई क्रीडा स्पर्धांत २०१८ मध्ये जकार्ता येथे झाला. ‘नेवाझा’ या प्रकारात केवळ पकडी असतात, तर ‘फायटिंग’ प्रकारात प्रहारांनाही गुण मिळतात. मातीतून गादीवर जाण्याचा अनुभव महाराष्ट्राच्या मल्लांना नवा नाही. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले.