बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी

पाश्चात्त्य अभिजात संगीत सादर करण्यासाठी १९३०च्या दशकात मुंबईत स्थापन झालेली वादकांची संस्था. संस्थापक वॉल्टर कॉफमन. दोन ते आठ-नऊ वादकांनी, निर्देशकाशिवाय आणि प्रत्येकाने स्वतंत्र सुरावट सांभाळत करावयाच्या वादनास युरोपात ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. मूळ अर्थाने हे दिवाणखान्यातले संगीत. आपल्याकडील खासगी मैफलीशी त्याचे नाते जवळचे आहे. फरक इतकाच, की येथे प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो आणि वादकांचे कौशल्य एकमेकांना ऐकण्यात पणाला लागते.

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे जर्मनभाषक ज्यू कुटुंबात झाला. बर्लिन येथे फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले व पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास केला. आपले मार्गदर्शक नाझी पक्षाशी संबंधित असल्याचे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेटची पदवी स्वीकारण्यास नकार दिला. जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यावर ज्यू संगीतकारांना तेथील रंगमंच बंद झाले. १९३४ च्या आरंभी कॉफमन मुंबईस आले. काही काळच राहण्याचा त्यांचा विचार होता. प्रत्यक्षात येथे बारा वर्षे गेली.

आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी ही सोसायटी उभी केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिचे वादन होई. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर इटालियन वादक एडिजिओ व्हर्गा हे त्रिकूट संस्थेचा कणा होते. एक निर्वासित ज्यू, एक पारशी आणि एक इटालियन असा हा मेळ त्या काळच्या मुंबईतच जमू शकला असता. श्रोतृवर्ग मात्र मर्यादित होता. युरोपीय रहिवासी, पारशी कुटुंबे आणि मोजके इतर रसिक, एवढाच त्याचा परीघ. गिरगाव-दादरच्या संगीतप्रेमी मराठी समाजापर्यंत हे वादन फारसे पोहोचले नाही, ही या संस्थेची उणीवच म्हणावी लागेल.

कॉफमन यांनी स्वतः ती दरी ओलांडण्याचा प्रयत्न केला. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना त्यातले काहीच उमगले नव्हते. परंतु ज्या संगीतावर असंख्य लोक प्रेम करतात, ते न समजणे हा आपलाच दोष, असे मानून त्यांनी रागसंगीताचा अभ्यास सुरू केला. १९३७ ते १९४६ या काळात ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. ‘अनसूया’ हा त्यांचा रेडिओ-ऑपेरा १९३८ सालचा. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही त्यांनी काम केले.

आकाशवाणीच्या प्रसारणाचा प्रारंभ करणारी, शिवरंजनी रागाशी जवळीक असलेली सुरावट सामान्यतः कॉफमन यांच्या नावावर सांगितली जाते. तंबोऱ्याच्या नादावर उमटणारे त्यातील व्हायोलिन मेहली मेहता यांचे असावे, असेही मानतात. या श्रेयाबाबत इतर काही नावेही पुढे केली जातात. ते काहीही असो, १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झाल्यावर वाळवा, इस्लामपूर, मिरज परिसरातील घराघरांत पहाटे वाजणारी ही धून ऐकणाऱ्या फार थोड्यांना तिच्यामागील निर्वासिताचे नाव ठाऊक असेल.

सोसायटीतील सर्वांत कर्तृत्ववान सहकारी मेहली मेहता (१९०८-२००२). त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट या संस्था स्थापन केल्या. दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो अशा या चतुष्काचा सराव मेहतांच्या घरीच चाले. पुढे जगद्विख्यात झालेले त्यांचे पुत्र झुबिन (जन्म १९३६) हे स्वर ऐकतच वाढले.

मुंबईतील हा मेळ १९४५-४६ मध्ये विखुरला. मेहता १९४५ मध्ये इव्हान गलामियन यांच्याकडे शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. १९४९ च्या सुमारास परतले, पण १९५५ मध्ये त्यांनी पुन्हा मुंबई सोडली. मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा व फिलाडेल्फियाचे कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट यांत वादन केल्यावर १९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन केली. ही संस्था २०२४ मध्ये बंद झाली. मुंबईत त्यांच्या नावाने १९९५ मध्ये मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनची स्थापना झाली.

कॉफमन १९४६ मध्ये इंग्लंडला व तेथून कॅनडास गेले. १९४८ मध्ये ते विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे पहिले निर्देशक झाले व नंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९६८ मध्ये, तर दाक्षिणात्य रागांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.