दिवाण : एका शब्दाचा प्रवास

आपल्या घरात भिंतीलगत लोड-तक्क्यांचा दिवाण असतो. हा फारसी शब्द मुळात नोंदवहीचा. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत (इ.स. ६३४-६४४) सैनिकांच्या वेतनाची नोंद ठेवणारा दिवाण सुरू झाला. पुढे वहीवरून कचेरी, कचेरीवरून कारभारी आणि तिथल्या बैठकीवरून आसन, असा अर्थ सरकत गेला. कवीचा काव्यसंग्रहही दिवाणच. १७६५ साली शाह आलमने कंपनीला बंगाल-बिहार-ओडिशाची दिवाणी दिली, म्हणजे महसुलाची वहीच परक्यांच्या हाती गेली.

मराठीत पेढीवर दिवाणजी, वाड्यात दिवाणखाना, कोर्टात दिवाणी दावा. बांधाच्या तंट्यात हा शब्द कुणालाच परका वाटत नाही. मग तो ज्यांच्याबरोबर मराठीत आला, ती माणसे परकी कशी?