कानातील पत्र आणि पिशवीतील हार्ड डिस्क

काशीस बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो असता माझ्या पिशवीत कार्यालयीन कागदांची हार्ड डिस्क होती. काही निकालपत्रांचे मसुदे राहिले होते म्हणून रजेवरही ती बरोबर घेतली; हे योग्य नव्हते, हे कबूल करतो. गर्दीत पिशवी क्षणभर दृष्टीआड झाली आणि छातीत धस्स झाले. पिशवी लगेच मिळाली, पण विचार मात्र १७८१ सालाकडे गेला.

त्या वर्षी ऑगस्टात वॉरन हेस्टिंग्जने याच नगरीत राजा चेतसिंगास त्याच्या शिवाला येथील वाड्यात अटकेत ठेवले. शहर उठले, शिपाई मारले गेले, राजा खिडकीतून निसटला आणि गव्हर्नर जनरलच कोंडला गेला. पत्रे बाहेर धाडावी कशी? मेकॉलेने आपल्या १८४१ च्या निबंधात युक्ती सांगितली आहे. प्रवासी लोक चोरांच्या भयाने कानातील सोन्याची कडी काढून ठेवीत व भोक बुजू नये म्हणून त्यात पिसाची नळी किंवा कागदाची गुंडाळी घालीत. हेस्टिंग्जने जासुदांच्या कानांत बारीक गुंडाळलेली पत्रेच घातली. त्यांतील एक मराठ्यांशी तहाची बोलणी करणाऱ्या वकिलासाठी होते. पुढे १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला.

युक्ती साधली, पण ते लपविणे होते, कुलूप नव्हे. जासुदाचा कान तपासला गेला असता, तर बेत उघडाच. संगणकावर फोल्डर 'हिडन' करणे याच जातीचे.

पेशवाईतील मोर्तबाचा हेतू आणखी निराळा. कागदाच्या शेवटी ते उमटले की खाली भर घालता येत नसे. वाचण्यास मात्र आडकाठी नव्हती. एक्सेलमध्येही फाइल उघडण्याचा पासवर्ड वेगळा व बदल करण्याचा वेगळा. आमच्याकडील कित्येक जण दुसरा घालतात आणि मजकूर गुप्त राहिला असे समजतात! झिप फाइलला पासवर्ड घातला तरी आतील फाइलींची नावे सहसा दिसतातच, आणि नावावरूनच प्रकरण कोणाचे ते कळते. हार्ड डिस्क बाहेर न्यावयाचीच असेल, तर ती संपूर्ण कूटबद्ध करावी. विंडोजच्या काही आवृत्त्यांत बिटलॉकरची सोय आहे. व्हेराक्रिप्ट विनामूल्य मिळते.

पण खरे दुखणे पुढेच आहे. माझ्या पूर्वीच्या एका कार्यालयात भूसंपादनाच्या मोबदल्याची विवरणपत्रे अशाच कुलूपबंद हार्ड डिस्कवर होती. अधिकाऱ्यांची बदली झाली. पासवर्ड त्यांनाही आठवेना. कूटबद्धीकरण भक्कम होते, म्हणूनच कोणाचे काही चालले नाही. खातेदारांना तेच उतारे पुन्हा काढून सात महिने खेटे घालावे लागले. त्यांत एक वृद्ध बाई दर सोमवारी येत. त्यांना काय सांगावे, हे मला कधी सुचले नाही.

कोषागाराच्या सुरक्षा कक्षास दुहेरी कुलूप असते. किल्ल्या दोन व्यक्तींकडे, आणि दुसरा जोड मोहोरबंद पाकिटात अन्यत्र. पासवर्ड मात्र आपण घरच्या तिजोरीप्रमाणे मनात ठेवतो.

काशीहून परतल्यावर मी डिस्क बिटलॉकरने बंद केली. त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून पाकीट मोहोरबंद केले, नोंदवहीत पोच घेतली आणि ते तिजोरीत ठेवविले. पुढच्या बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत त्या पाकिटाचाही अनुक्रमांक घातला.