गोलंदाजांची नावं

क्रिकेटमुळे ‘गोलंदाज’ हा शब्द मराठी घराघरात पोचला. पण तो मूळचा खेळाच्या मैदानावरचा नाही. गोळा फेकणारा तो गोलंदाज. यातला ‘अंदाज’ फारसी, फेकणारा या अर्थाचा. ‘तोप’ तुर्कीतून आली आणि आपल्याकडे तिची तोफ झाली. पुण्यात शिवाजीनगरला एका वस्तीचं नाव अजून ‘तोफखाना’ आहे. रिक्षावाल्याला तो पत्ता म्हणून ठाऊक असतो, तेवढंच.

पेशवाईच्या तोफखान्याची दोन नावं आपल्याला शाळेपासून माहीत असतात. एक पानसे सरदारांचं, ज्यांनी सासवडजवळ सोनोरीला मल्हारगड बांधला. दुसरं इब्राहिमखान गारदी यांचं. बुसीच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. सरदारांची नावं राहतात. तोफेला बत्ती देणाऱ्यांची, गोळे वाहणाऱ्यांची राहत नाहीत. मला आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे, पण पानिपतातल्यांविषयी नाही. आपल्या शेजारी राहून गेलेल्यांविषयी.

भारतीय सैन्यात २८ सप्टेंबर हा ‘गनर्स डे’ असतो. १८२७ साली याच दिवशी मुंबई इलाख्याच्या फौजेत गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली. म्हणजे आजच्या एवढ्या मोठ्या तोफखान्याचा वाढदिवस मुंबई इलाख्याचा आहे, याचा आपल्याला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. १८५७ नंतर मात्र इंग्रजांनी धडा घेतला. आपणच शिकवलेला हिंदी तोपची किती नेमका मारा करतो, हे त्यांनी सोसलं होतं. मोठ्या तोफा त्यांनी स्वतःकडे ठेवल्या. खेचरांच्या पाठीवरून न्यायच्या छोट्या डोंगरी तोफांच्या मोजक्या बॅटऱ्या तेवढ्या हिंदी शिपायांकडे राहिल्या. १५ जानेवारी १९३५ला बंगळूरमध्ये ‘ए’ फील्ड ब्रिगेड उभी राहिली, तेव्हा कुठे हे दार उघडलं. अविश्वासाचा तो काळ पाऊणशे वर्षांहून अधिक होता.

माझे थोरले चाचा या तोफखान्यात होते. १९६५ आणि १९७१, दोन्ही लढायांत. आम्ही पोरं विचारायचो, ‘चाचा, तुम्ही काय काय पाहिलंत?’ ते म्हणायचे, ‘हम कुच देखेच नै.’ आम्हाला वाटे, टाळतात. पुढे कळलं, ते अक्षरशः खरं होतं. पंचवीस पौंडी तोफ बारा किलोमीटरपर्यंत मारा करायची. ज्याच्यावर गोळा पडणार तो तोपचीला दिसतच नसतो. पुढे कुठेतरी टेकडीवर पायदळाबरोबर एक अधिकारी दुर्बीण घेऊन बसलेला असतो. तो वायरलेसवरून आकडे सांगतो, मागे गणित होतं आणि तोफेपाशी पोचतात ते फक्त आकडे. तोफेवर सहा जण. नंबर एक हुकूम देणारा, नंबर तीन नेम धरणारा, नंबर चार गोळा भरणारा. चाचा नंबर चार. सव्वाअकरा किलोचा गोळा, रात्रभर, एकामागून एक. त्यांच्या आठवणीत शत्रूचा चेहरा नव्हता, डोंगर नव्हता. तापलेली नळी, रिकामी काडतुसं आणि आकडे.

म्हणूनच तोपचीची गोष्ट सांगायला अवघड. पायदळाचा जवान चौकी जिंकतो. तिला नाव असतं. तोपचीने काय जिंकलं हे त्यालाही दुसऱ्या दिवशी ऐकून कळतं. तोही ऐकू आलं तर. चाचांचा डावा कान गेलेला होता, उजवा अर्धा. घरात चाची मोठ्याने बोलायच्या, चाचा त्याहून मोठ्याने. नव्या शेजाऱ्यांना वाटे, भांडण चाललंय.

तोफखान्याचं ब्रीद आहे, ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’. एक शब्द संस्कृत, दोन अरबी, मध्ये फारसी ‘ओ’. माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला हे ब्रीद आपल्या घरचं वाटलं तर नवल नाही. आणखी एक प्रथा सांगतो. पलटणींना निशाण असतं. तोफखान्यात तोफ हेच निशाण. ती सोडून जायची नाही. हवालदार उमराव सिंग यांनी हे ब्रह्मदेशात दाखवलं. १९४४च्या डिसेंबरात कलादान खोऱ्यात जपान्यांनी त्यांच्या तोफेवर हल्ल्यामागून हल्ले चढवले. शेवटी दारूगोळा संपला, तेव्हा ते तोफेचा लोखंडी दांडा घेऊन भिडले. काही तासांनी आपल्या फौजेने जागा परत घेतली तेव्हा ते तोफेशेजारी पडलेले सापडले, डोक्यावर सात जखमा, भोवती दहा जपानी सैनिकांची प्रेतं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा शूर माणूस हरियाणातल्या आपल्या गावी थोडक्या पेन्शनवर जगला. १९९५ साली लंडनमध्ये त्यांनी थेट ब्रिटिश पंतप्रधान जॉन मेजर यांच्याकडेच तुटपुंज्या भत्त्याचा विषय काढला आणि तो वाढला. २००५ साली ते गेले.

आपल्या मुंबईत जन्मलेले गोव्याचे जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९५२ साली तोफखान्यात दाखल झाले, १९९० ते १९९३ लष्करप्रमुख होते. २०२२च्या मार्चमध्ये पणजीला गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत रकाने आले. यायलाच हवे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये द्रासच्या ५१४० या शिखराला ‘गन हिल’ नाव मिळालं, कारगिलच्या तोपचींची आठवण म्हणून. १९९९च्या त्या लढाईत तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं डागली होती.

पण नंबर चारचं काय? आपल्या पुण्यात घोरपडीला नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं युद्धस्मारक आहे. खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत, गवत कापलेल्या, नाव-नंबर कोरलेल्या. ते लढाईच्या काळात गेलेले. जो लढून घरी आला, चाळीस वर्षं वॉचमनची, नाहीतर बँकेच्या शिपायाची नोकरी करून अंथरुणावर गेला, त्याचा दगड नसतो. हिंदू असेल तर राख नदीत जाते. आमच्यात कबरीची माती काही वर्षांनी सपाट होते.

त्याचे हाल मागे राहणाऱ्या बाईला. लष्करात लग्न झालं की ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते, तिच्यात बायकोचं नाव चढतं. तिथे कारकुनाने माहेरचं नाव लिहिलं, किंवा ‘शेख’ पुढचा मागे केला, की ती विधवा कागदावर दुसरीच बाई होते. चाचींची कुटुंब पेन्शन यापायी कित्येक महिने अडली. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पला आहे. तिथे नंबर लिहून पत्र पाठवावं लागतं, आणि नंबर घरात कुणाला पाठ नसतो. तुमच्या घरी असे कोणी वडील, मामा, सासरे असतील, तर डिस्चार्ज बुक काढा. नंबर, युनिट आणि बायकोचं नाव आजच ताडून घ्या, ते सांगायला आहेत तोवर. आणि कोणत्या तोफेवर होतात, तोफेवरचा नंबर कितवा, तेही विचारा. थोडं मोठ्याने विचारावं लागेल.

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवरही देता येतो, तरी काही म्हातारे बँकेतच येतात. मी त्या महिन्यात मुद्दाम जातो, बाकावर बसतो. जो काउंटरवरच्या मुलीला दर वाक्याला ‘हां?’ विचारतो, त्याच्याशी बोलायला सुरुवात करतो. तो बऱ्याचदा तोफखान्याचाच निघतो.

चाचांचा नंबर आम्हाला त्यांच्या काळ्या ट्रंकेवर सापडला, पांढऱ्या रंगाने लिहिलेला. चाची त्या ट्रंकेत गहू ठेवतात. ट्रंक रंगवायला मात्र त्या कुणाला देत नाहीत.