कयाक सरळ का जात नाही? आधी सीट कुठे आहे ते बघा

वल्हं दोन्ही बाजूंना सारखंच मारताय, तरी कयाक एकाच बाजूला वळतेय? अशा वेळी बहुतेक जण स्वतःच्या हातांना दोष देतात. पण अनेकदा खरं कारण सीटच्या जागेत आणि वजनाच्या वाटणीत असतं.

रायगड जिल्ह्यात कयाकिंग म्हटलं की कोलाडची कुंडलिका आठवते. पण कोकण रेल्वेने तिथून दक्षिणेला, माणगावच्या पुढे वीर स्टेशनला उतरून दासगावकडे आलात की पाण्याचा स्वभाव बदलतो. इथे सावित्रीची खाडी आहे. भरती-ओहोटी असते आणि दुपारी समुद्राकडून वारा येतो. ओहोटी बाहेर ओढते, वारा आत ढकलतो, त्यामुळे लाटा उभ्या राहतात. अशा पाण्यात तोल बिघडलेला असेल तर काठाला परतणं अवघड होतं.

सीट मधोमध का नसते?
पाय पुढे लांब करून बसलं की शरीराच्या वजनाचा मध्य पोटाच्या आसपास, म्हणजे पाठीपेक्षा बराच पुढे येतो. तो कयाकच्या मध्यावर यावा म्हणून सीट किंचित मागे असते.

वजन पुढे गेलं तर?
पुढचं टोक पाण्यात रुततं, मागचं हलकं होतं. वारा हलकं टोक ढकलतो आणि कयाकचं तोंड वाऱ्याकडे फिरतं. खाडीतून महाडकडे परतताना वारा पाठीमागून असेल, तर तोंड पुन्हा पुन्हा समुद्राकडे वळू लागेल.

वजन मागे गेलं तर?
आता पुढचं टोक वर उचललं जातं. वारा ते बाजूला ढकलतो. समोरून वारा असेल तर कयाक सरळ ठेवताना दमछाक होते.

सीट उंच केली तर?
गुडघ्यांना बरं वाटतं, समोरचं छान दिसतं. पण वजनाचा मध्य वर जातो आणि कयाक लवकर कलंडते. नवख्यांनी सीट खालीच ठेवावी.

दोघं बसणार असाल तर?
साधारणपणे जास्त वजनाच्या माणसाने मागे बसावं. सामानातल्या जड वस्तू, म्हणजे पाण्याचा कॅन वगैरे, तळाशी आणि मध्याजवळ ठेवा. हलक्या वस्तू टोकांकडे. सगळं बांधून ठेवा, कारण सरकणारं सामान कलंडलेली कयाक आणखी कलंडवतं.

दोन मिनिटांची तपासणी
१. गुडघाभर, शांत पाण्यात सामानासह बसा.
२. पाय आधाराला टेकले आणि गुडघे थोडे वाकले पाहिजेत.
३. काठावरच्या मित्राला बाजूने फोटो काढायला सांगा. एक टोक पाण्यात जास्त बुडालेलं दिसलं तर सीट एकेक इंच सरकवून पुन्हा बघा.
४. सीट पक्की असेल तर सामान पुढे-मागे करा.

लाईफ जॅकेट मात्र प्रत्येक वेळी हवंच. आणि पावसाळ्यात सावित्रीत उतरू नका. जुलै २०२१ मध्ये याच नदीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेलं होतं. अशा पाण्यात सीट कितीही नीट बसवली तरी उपयोग नाही.